पदवी स्तरावरील मनुष्यबळ विकासाचा अभ्यास : स्वरूप, मर्यादा व अपेक्षा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या पदवी अभ्यासक्रमांत मनुष्यबळ विकास हा विषय आता चांगलाच स्थिरावला आहे. मुंबई विद्यापीठाच्या बी.एम.एस. अभ्यासक्रमात वित्त व विपणन यांच्या बरोबरीने मनुष्यबळ हा विशेषीकरणाचा गट म्हणून आला. दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेज ऑफ व्होकेशनल स्टडीजमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयात स्वतंत्र पदवी घेता येते. मात्र बारावी उत्तीर्ण होऊन येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी कधी हजेरीपत्रक भरलेले नसते, पगारपत्रक हाताळलेले नसते, वरिष्ठाचे बोलणे ऐकलेले नसते. ज्याला कामाचा अनुभव नाही, त्याला काम करणाऱ्या माणसाच्या विकासाचे शास्त्र कसे शिकवावे, हा या अभ्यासक्रमापुढील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने विषयाचे स्वरूप, पदवीच्या मर्यादा व अध्यापनाकडून असलेल्या अपेक्षा यांचा विचार केला आहे.

संकल्पनेचा अर्थ

अमेरिकन अभ्यासक लिओनार्ड नॅडलर यांनी १९६९ च्या सुमारास ‘मनुष्यबळ विकास’ ही संज्ञा प्रचारात आणली. तत्पूर्वी थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी मानवी भांडवलाची कल्पना मांडली होती. माणसाच्या शिक्षणावर व आरोग्यावर होणारा खर्च ही गुंतवणूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नॅडलर यांनी हा विचार संघटनेच्या पातळीवर आणताना प्रशिक्षण, शिक्षण व विकास असे तीन भेद केले. आजच्या कामासाठीचे अध्ययन म्हणजे प्रशिक्षण, उद्याच्या कामासाठीचे अध्ययन म्हणजे शिक्षण, आणि विशिष्ट कामाशी न जोडलेली व्यक्तीची वाढ म्हणजे विकास.

हा भेद एस.टी.च्या आगारातील उदाहरणाने स्पष्ट होईल. वाहकाला नवे तिकीट यंत्र हाताळावयास शिकविणे हे प्रशिक्षण होय. त्यालाच पुढे वाहतूक नियंत्रक होण्यासाठी तयार करणे हे शिक्षण होय. त्याची वाचनाची सवय, लोकांशी बोलण्याची रीत, आर्थिक नियोजनाची समज वाढावी म्हणून संधी देणे हा विकास होय. पहिल्या दोहोंचा लाभ संस्थेला लवकर दिसतो. तिसऱ्याचा हिशेब मांडणे कठीण असते. म्हणून नावात विकास असूनही व्यवहारात बहुतेक वेळा केवळ प्रशिक्षणच उरते.

भारतातील वाटचाल

भारतात या विषयाची मुळे कामगार कल्याणात आहेत. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढे औद्योगिक संबंध व सेवकवर्ग प्रशासन असे विभाग निर्माण झाले. त्यांचा बराचसा वेळ हजेरी, शिस्त व वाटाघाटी यांतच जाई.

या पार्श्वभूमीवर लार्सन अँड टुब्रो कंपनीतील प्रयोगाचे महत्त्व लक्षात येते. भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबाद येथील प्रा. उदय पारीक व प्रा. टी. व्ही. राव यांनी १९७४-७५ मध्ये या कंपनीसाठी एकात्मिक व्यवस्था सुचविली. कार्यमूल्यमापन, सुप्त क्षमतांचे मूल्यमापन, प्रत्याभरण व समुपदेशन, कारकीर्द नियोजन, प्रशिक्षण व संघटन विकास ही तिची प्रमुख अंगे होती. मूल्यमापनाचा उपयोग केवळ वेतनवाढ ठरविण्यासाठी न करता कर्मचाऱ्याला स्वतःच्या उणिवा व सामर्थ्ये कळावीत यासाठी करावा, हा त्यामागील दृष्टिकोन होता. १९८५ मध्ये केंद्र शासनाने मनुष्यबळ विकास मंत्रालय स्थापन केले. २०२० मध्ये त्याचे नाव पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. परंतु मधल्या ३५ वर्षांत ही संज्ञा सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली.

अभ्यासक्रमाचे स्वरूप व उणिवा

पदवी स्तरावर सामान्यतः मनुष्यबळ नियोजन, भरती व निवड, प्रशिक्षण, कार्यमूल्यमापन, वेतन प्रशासन, औद्योगिक संबंध, कामगार कायदे व संघटनात्मक वर्तन हे घटक असतात. यातील प्रत्येक घटक व्याख्या, उद्दिष्टे, महत्त्व, फायदे व तोटे या साच्यात बसविता येतो, आणि परीक्षेच्या सोयीसाठी तसा तो बसविलाही जातो. परिणामी मूल्यमापनाच्या दहा पद्धती पाठ असलेल्या विद्यार्थ्याला एका व्यक्तीस तिच्या कामातील उणीव न दुखावता कशी सांगावी, हे मात्र येत नाही.

दुसरी उणीव कायद्यांच्या अध्यापनात संभवते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता अंमलात आल्या व त्यांनी २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. कल्याण अधिकाऱ्याच्या नेमणुकीसाठी असलेली कामगारसंख्येची मर्यादा कारखान्यांच्या बाबतीत ५०० वरून २५० वर आली. उलट स्थायी आदेशांसाठी १९४६ च्या मूळ केंद्रीय कायद्यातील १०० ही मर्यादा ३०० झाली. गिग कामगारांचा उल्लेख सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात प्रथमच आला. जुन्या पाठ्यपुस्तकावर विसंबून शिकविल्यास विद्यार्थी कालबाह्य ज्ञान घेऊन बाहेर पडेल. जुने कायदे इतिहास म्हणून अवश्य शिकवावेत. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपासारखा लढा समजण्यास त्यांचा आधार लागतोच. परंतु प्रचलित तरतूद कोणती, हे स्पष्ट सांगणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

अनुभवाची जोड

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेल्या पुनर्रचनेत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प व कार्यस्थळ प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले आहेत. ही तरतूद मनुष्यबळ विकासाच्या विद्यार्थ्यासाठी सर्वाधिक मोलाची आहे. तथापि कार्यालयात बसून नस्ती लावल्याने व शेवटी प्रमाणपत्र जोडल्याने हेतू साध्य होत नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व परिणाम या चार पायऱ्या मांडल्या. त्यांच्या आधारे सहज करता येण्याजोगा प्रकल्प देता येईल. जवळची सहकारी बँक, साखर कारखाना किंवा रुग्णालय येथे झालेला एखादा प्रशिक्षण वर्ग निवडावा. तो आवडला का, त्यातून काय समजले, तीन महिन्यांनंतर कामाची पद्धत बदलली का आणि त्याचा ग्राहकाला किंवा रुग्णाला लाभ झाला का, याची विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. पहिल्या दोन पायऱ्या प्रश्नावलीने पार होतात. तिसरीसाठी पुन्हा जाऊन काम पाहावे लागते. ज्या कारणांमुळे वर्तन बदलत नाही, ती कारणे शोधताना विद्यार्थी पर्यवेक्षक, यंत्रसामग्री, वेतन व कामाचे तास यांच्यापर्यंत पोहोचतो. विषयाचे खरे अध्ययन येथे सुरू होते.

पदवीनंतरचा मार्ग

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांना वस्तुस्थिती सांगणे आवश्यक आहे. केवळ पदवीवर मिळणारी कामे प्रामुख्याने भरती साहाय्य, वेतनपत्रक, नोंदी व प्रशिक्षणाचे संयोजन या प्रकारची असतात. वरच्या जबाबदाऱ्यांसाठी व्यवस्थापन, समाजकार्य किंवा कामगार अभ्यास यांतील पुढील अर्हता बहुधा अपेक्षित असते. हे न सांगता अधिकारीपदाची आशा दाखविल्यास कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या कुटुंबाची फसवणूक होते. त्याचबरोबर ही पदवी निरर्थक आहे असेही नाही. शिक्षण, स्वयंसेवी कार्य, सहकार किंवा स्वतःचा व्यवसाय यांपैकी कोठेही माणसे जोडून काम करावयाचे असल्यास तिचा उपयोग होतो.

समारोप

मनुष्यबळ विकास हा विषय माणसाला साधन मानतो की साध्य, यावर त्याच्या अध्यापनाची दिशा अवलंबून आहे. नॅडलर यांची तिसरी संज्ञा अभ्यासक्रमातून गळली, तर ही पदवी सेवकवर्ग प्रशासनाची प्राथमिक ओळख एवढीच उरेल. अद्ययावत कायदे, प्रत्यक्ष कार्यस्थळाचे निरीक्षण व पदवीच्या मर्यादांची प्रामाणिक कल्पना या तीन गोष्टी महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. विकासाचे शास्त्र शिकविणाऱ्या वर्गात प्रथम विद्यार्थ्याचा विकास झाला पाहिजे, ही अपेक्षा रास्त ठरते.