मेहमान वेरूळ पाहून गेले, पण जेवले काय?

मागच्या दिवाळीच्या सुटीत रत्नागिरीकडचे आमचे दूरचे नातेवाईक दोन दिवसांसाठी शहरात आले. उतरले स्टेशन रोडवरच्या एका लॉजमध्ये. घरी आले ते निघायच्या दिवशी, तेही चहापुरते. बोलता बोलता म्हणाले, "भाईजान, लेणी बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. पण खाण्यात तुमच्याकडं खास असं काही दिसलं नाही. दोन्ही रात्री पनीर आणि रोटी खाल्ली. हलालची खात्री नव्हती, म्हणून गोश्त मागवलंच नाही."

खरं सांगायचं तर आम्हाला शरम वाटली. ज्या शहराच्या दावतीचं नाव साऱ्या मराठवाड्यात घेतलं जातं, तिथून मेहमान पनीर खाऊन परत जातात. यात त्यांची चूक नाही. शहराची रचनाच अशी झाली आहे की पर्यटक एका बाजूला आणि जेवण दुसऱ्या बाजूला. लॉज आणि मोठी हॉटेलं स्टेशन, जालना रोड, सिडको या पट्ट्यात. लेणी, किल्ला, खुलताबाद हे सगळं वायव्येला. आणि इथलं अस्सल खाणं मधे जुन्या शहरात, दरवाजांच्या आत, अरुंद गल्ल्यांमध्ये, जिथं टूरवाल्याची बस शिरतच नाही. शिवाय ते खाणं वेळेचं आहे. देग उतरली की गर्दी, देग संपली की दुकान बंद. रात्री साडेदहाला पोचून "काय मिळेल?" विचारलं तर उत्तर "खतम हो गया" हेच मिळणार.

म्हणून हे लिहायला घेतलं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपलं जुनं औरंगाबाद, इथं सहलीला येणाऱ्या आपल्या वाचकांनी कुठं खावं, काय प्यावं आणि काय विचारून घ्यावं, यासाठी.

सुरुवात अर्थातच नान-खलियानं. खलिया म्हणजे गोश्ताचा पातळ, हळदीच्या रंगाचा, मसालेदार रस्सा, वर लाल तर्री. घराघरात कृती बदलते, पण खोबरं, खसखस, भाजलेला कांदा, दही आणि गरम मसाला हे बहुतेक सगळीकडं. तो खरा जमतो तो मोठ्या देगेत, लाकडाच्या आचेवर, सावकाश. चार माणसांच्या कुकरमध्ये केलेला खलिया चवीला बरा लागतो, पण देगेतली गोष्ट त्यात येत नाही. आमच्या घरी यावर वाद नको म्हणून आम्ही हे हळू आवाजात लिहितो. सोबतची नान हॉटेलातल्या बटर नानसारखी पातळ आणि लांबट नसते. ती गोल, जाड, मऊ, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवल्यामुळं पिवळसर-तांबूस दिसणारी. मोठ्या तंदूरमध्ये भाजलेली. नान बनवणारे कारागीर वेगळे आणि खलिया बनवणारे बावर्ची वेगळे. लग्नात दोघांना वेगवेगळी ऑर्डर द्यावी लागते, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत असतं.

याचा इतिहास सांगताना सगळे मुहंमद तुघलकापर्यंत जातात. १३२७ साली त्यानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. एवढ्या लष्कराला एकदम जेवू घालायचं म्हणून नान-खलिया निघाला, अशी गोष्ट सांगितली जाते. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की राजधानी हलवल्याची नोंद इतिहासात आहे, खलियाची गोष्ट लोकांच्या तोंडी आहे, दोन्ही एका मापानं मोजू नका. पण गोष्टीतला व्यवहार पटण्यासारखा आहे. एक देग, एक तंदूर, ना भाजीचा पसारा ना भाताचा. शेकडो माणसं पंगतीला बसवायची तर याहून सोपं जेवण कुठलं? आजही लग्नाच्या दावतीत तेच चालतं.

खायची पद्धतही जाणून घ्या. नान मोडून तुकडे तर्रीत बुडवायचे, जरा मुरू द्यायचे. लिंबू, कांदा सोबत. चमचा मागू नका, मागितला तर मिळेल, पण आजूबाजूचे बघतील.

कुठं मिळतो? सिटी चौक, शहागंज, बुढी लेन, रोशन गेट, कटकट गेट हा सगळा पट्टा खाण्याचा आहे. आम्ही एका हॉटेलाचं नाव मुद्दाम देत नाही. बावर्ची बदलला की चव बदलते, आणि आज ज्याची तारीफ केली त्यावर उद्या शिव्या ऐकाव्या लागतात. त्यापेक्षा रिक्षावाल्याला किंवा मशिदीतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या बुजुर्गांना विचारा, "चाचा, अच्छा नान-खलिया कहाँ मिलेगा?" तीन जणांना विचारा, दोघं एकच नाव घेतील तिथं जा. आणि लवकर जा. दुपारचं जेवण एक-दीडच्या आत, रात्रीचं इशाच्या आसपास.

आता एक नाजूक मुद्दा, पण टाळून चालणार नाही. पूर्वी खलिया बहुतेक "बडे का" असायचा. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. त्यामुळं आज हॉटेलात "बडे का" म्हणजे म्हशीचं, आणि "छोटे का" म्हणजे बोकडाचं मटण. दोन्हीचे भाव वेगळे, चवही वेगळी. काही ठिकाणी फक्त एकच मिळतं. बसल्यावर आधी विचारा. आपल्याला दोन्ही चालत असलं तरी सोबतच्या माणसाला चालेलच असं नाही.

हे आम्ही अनुभवावरून सांगतो. एकदा दुसऱ्या गावच्या शाळेतले काही शिक्षक आमच्याकडं आले. त्यात आपले होते, तसे हिंदू सहकारीही होते, आणि सगळे एकत्रच जेवायचं म्हणत होते. आम्ही हॉटेलात शिरताच वेटरनं सहा प्लेट आणून ठेवल्या. आमच्यातल्या एकानं विचारलं म्हणून कळलं की ते बडे का आहे. प्लेट परत गेल्या, मटणाच्या आल्या, सगळे हसत जेवले. पण न विचारता जेवण उरकलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर? ज्यानं विश्वासानं आपल्या दस्तरखानावर हात धुतले, त्याला काय वाढलंय ते आधी सांगणं आपल्यावर आहे. जे शाकाहारी आहेत त्यांना घेऊन गुलमंडी, निराला बाजार किंवा औरंगपुऱ्याकडं जावं. तिथं थाळी मिळते, कचोरी मिळते, आणि गुलमंडीची उडदाच्या डाळीची इमरती तर सगळ्या धर्मांची आहे. गरमच खावी. पॅक करून घरी नेलेली इमरती म्हणजे नुसता पाक.

हलालबद्दल लोक फार बिचकतात. जुन्या शहरातल्या आपल्या हॉटेलांत हा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो हायवेवर आणि लॉजच्या आसपास. तिथं सरळ विचारावं, "गोश्त कुठून आणता?" लाजायचं काही कारण नाही, मालकही रोज ऐकतो. उत्तर गोलमाल वाटलं तर अंडं नाहीतर डाळ मागवा. आणखी एक पाहा. पाटीवर "फॅमिली रेस्टॉरंट" असलं तरी खाली बारीक अक्षरात "परमिट रूम" लिहिलेलं असू शकतं. म्हणजे आत दारू मिळते. फॅमिली हॉल वेगळा असतो खरा, पण बऱ्याच ठिकाणी दार एकच असतं. बायका-मुलं सोबत असतील तर गाडीतून उतरायच्या आधीच पाटी पूर्ण वाचलेली बरी.

लेण्यांचा दिवस

दौलताबाद शहरापासून साधारण १५ किलोमीटर, वेरूळ ३० च्या आसपास, आणि खुलताबाद वेरूळच्या चार-पाच किलोमीटर अलीकडं. हे तिन्ही लोक एका दिवसात करतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे आधी बघून घ्या. नाहीतर त्या दिवशी खाण्याशिवाय काही उरत नाही.

सकाळी घरून किंवा लॉजवरून नाश्ता करूनच निघा. दौलताबादचा किल्ला उपाशीपोटी चढू नये, आणि भरल्या पोटीही नाही. पायऱ्या खूप आहेत, अंधारी वाट आहे, वर पाण्याची सोय धरून चालू नका. प्रत्येकाच्या हातात स्वतःची बाटली हवी. किल्ल्याखाली आणि पुढं घाटाच्या रस्त्यावर दिवाळीच्या आसपास टोपल्यांतून सीताफळं विकायला बसलेल्या बायका दिसतील. इथल्या डोंगरातली सीताफळं ही. बोटानं दाबून किंचित मऊ लागलं तर आजच खा, कडक असेल तर घरी न्या, दोन दिवसांत पिकतं. पेरूही चांगले. उन्हाळ्यात आलात तर केसर आंबा बघा. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या मते तो उगाच हापूसच्या सावलीत राहिला. रत्नागिरीचे पाहुणे हे मान्य करणार नाहीत, न करोत.

खुलताबादला लोक दर्ग्यांसाठी थांबतात. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराजी, जवळच औरंगजेबाची साधी, मातीची कबर, आणि थोडं बाजूला मलिक अंबरची. खाण्याची हॉटेलं छोटी, घरगुती. चहा, बिस्किट, अंडा-पाव, कुठं बिर्याणी. फार अपेक्षा ठेवू नका. शनिवारी भद्रा मारुतीला मोठी गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. दुपारचं मोठं जेवण वेरूळला घृष्णेश्वराजवळ घेतलं तर ते बहुतेक शाकाहारीच मिळेल, पण ताजं असतं. आम्ही स्वतः काय करतो? आदल्या रात्री नान घेऊन ठेवतो, सोबत खिमा किंवा उकडलेली अंडी, आणि झाडाखाली चादर टाकतो. लेण्यांच्या आत खायचं नाही, आणि निघताना कचरा पिशवीत भरून न्यायचा.

अजिंठ्याचं गणित वेगळं. शहरापासून शंभरेक किलोमीटर. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढं तिथल्या बसनं जावं लागतं. मधे सिल्लोडला चहा-नाश्ता उरकून घ्या.

पाणी

इथं थोडं थांबतो, कारण सहल बिघडते ती बहुतेक पाण्यानंच. एकदा आमच्या शाळेच्या सहलीत मुलांनी वाटेत उघड्या गाड्यावर बर्फ घातलेलं सरबत प्यायलं. संध्याकाळपर्यंत सात-आठ मुलांना उलट्या. रात्र दवाखान्यात गेली, पालकांचे फोन वेगळे. दोष सरबतवाल्याचा होता तसा आमचाही, लक्ष आम्ही ठेवायचं होतं. तेव्हापासून नियम एकच: पाणी बंद बाटलीतलं किंवा घरून उकळून नेलेलं, आणि बर्फ कशातच नाही. चहा सगळ्यात सुरक्षित, तो उकळलेला असतो.

शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, आणि नळ रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. हॉटेलं टँकर आणि जारवर चालतात. टेबलावरच्या जगमधलं पाणी कधीचं आहे, हे वेटरलाही माहीत नसतं.

वाईट वाटतं ते यासाठी की हेच शहर पाण्यासाठी नावाजलेलं होतं. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. पुढं पाणचक्कीला सहा किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आलं, आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. ते पीठ कुणासाठी? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी आणि प्रवाशांसाठी. मुसाफिर नावाच्या बुजुर्गांच्या दारात मुसाफिरांच्या रोटीची सोय. बहुतेक पर्यटक पाणचक्कीला येऊन फोटो काढतात आणि जातात, पण हे जातं म्हणजे वाटसरूंच्या जेवणाचंच यंत्र होतं, एवढं मुलांना नक्की सांगा.

रमजानमध्ये येणार असाल तर दिवसा जुन्या शहरात जेवण मिळेल असं धरू नका, बहुतेक हॉटेलं असरनंतर उघडतात. मात्र रात्र या शहराची असते. शहागंज, बुढी लेन, रोशन गेटकडं तरावीहनंतर पाय ठेवायला जागा नसते. हलीम, नहारी, पाया, फिरनी. लहान मुलांचा हात धरून चला आणि गाडी लांब ठेवा.

जेवणानंतर उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर. महागड्या पानांच्या गोष्टी ऐकून घाबरू नका, साधं मीठं पान घ्या. तंबाखूचं नको, हे शिक्षक म्हणून सांगणं आमचं कामच आहे.

रत्नागिरीच्या पाहुण्यांना आम्ही त्या दिवशी तसंच जाऊ दिलं नाही. त्यांची देवगिरी एक्सप्रेस रात्रीची होती. मगरिबनंतर धाकट्याला रोशन गेटला पाठवून वीस नान आणवली. खलिया गाडीत दिला नाही, वाटेत सांडतो आणि उन्हात नासतो. नान मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहते. प्लास्टिकमध्ये कोंबू नये, घाम सुटून चिकट होते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळायची, वर कागदी पिशवी, आणि घरी पोचल्यावर तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं. वहिनींचा दुसऱ्या दिवशी फोन आला की दुधाच्या चहात बुडवून सगळी संपली, आणि पुढच्या वेळी उतरणार ते तुमच्याच घरी.