गावाकडची जमीन आणि घरातले ताट

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. जमिनीचा एक लाभ मात्र आपण मोजत नाही: आरोग्य.

वस्तीत हात आखडला की आधी डाळ-भाजी कमी होते. जिरायत एकरातही तूर, मूग, ज्वारी पिकते. बांधावर शेवगा उभा राहतो. डाळीतून प्रथिने मिळतात, शेवग्याच्या पाल्यातून लोह. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींना प्रथिने अधिक लागतात, गरोदरपणी लोहही. भाजीवर लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा घेऊ नये. म्हणजे लोह अंगी लागते. मात्र धाप, चक्कर, सततचा थकवा असल्यास सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गोळ्या दिल्यास चुकवू नयेत.

जमीन वाट्याने दिली असेल तर सगळा हिस्सा पैशांत न घेता थोडी डाळ, धान्य घरी आणावे. सातबारावर बहिणींसह सर्व वारसांची नावे तपासावीत. भोगवटादार वर्ग २ ची महार वतन जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून घाईच्या व्यवहारात सही करू नये. विकलेल्या जमिनीचा पैसा संपतो. राखलेली जमीन दरवर्षी ताटात काही वाढते.