घेण्याची वही, देण्याची वही

महाराष्ट्र सरकारने २०२३च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, थेट बँक खात्यात देण्याचे २०२४ मध्ये ठरवले. दिल्लीत अशा योजनांच्या फायली हाताळताना आमची चिंता एकच असे : पैसा वाटेत गळत तर नाही? तो मुळात कोणाच्या खात्यात पडतो, हे आम्ही क्वचितच विचारले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे मूळ महसुली दप्तरात दिसते. ब्रिटिशांनी रयतवारीत जमिनीच्या नोंदी ठेवल्या त्या सारा वसूल करण्यासाठी. त्यांना सारा भरणारा खातेदार हवा होता. आज घेण्याची तीच वही देण्यासाठी उघडली जाते. सातबाऱ्यातील सात नंबर मालकी सांगतो, बारा नंबर पीक. ई-पीक पाहणीने पिकाची नोंद मोबाइलवर आणली. पण ती चढते खातेदाराच्याच सातबाऱ्यावर. तोंडी बटाईने कापूस पिकवणारा, बियाणे-फवारणीची उधारी डोक्यावर घेणारा माणूस अशा यादीबाहेर राहतो. पतीच्या नावावरील शेत कसणारी स्त्रीही.

लेखी करार केला तर कूळ लागेल, ही मालकाची भीती निराधार नाही. आंध्र प्रदेशाने २०१९च्या कायद्यात मालकीला धक्का न लावणारा अकरा महिन्यांचा करार आणला. पण त्यालाही मालकाची सही लागते. कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद ग्रामसभेच्या साक्षीने व्हावी. मदत पिकाच्या नावाने द्यायची, तर पीक घेणारा कागदावर दिसलाच पाहिजे.