शिलेदाराची बंडी

पायमशीनवर पॉपलिन चालत असलं की एक सलग खडखड ऐकू येते. त्याच मशीनच्या दात्यांवर नवारीचे दोन आणि जाड कापडाचे चार पदर आले की तो आवाज तुटतो. सुई अडते, पट्टा घसरतो, पायडलवरचा पाय आपोआप थांबतो. मग उजव्या हाताने चाक धरून एकेक टाका हाताने घालावा लागतो. आईच्या मशीनवर मी पहिली बंडी शिवली ती जवळजवळ अशीच, हाताने चाक फिरवत. जवानांच्या अंगावर, सिनेमात, बातम्यांत दिसते ती ही खिशांची बंडी. दुकानात तिला ‘टॅक्टिकल वेस्ट’ म्हणतात. मी बंडीच म्हणतो, कारण बिनबाह्यांची, पुढून उघडणारी, खिसेवाली ही चीज मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. ही बंडी गोळी अडवत नाही. गोळी अडवणारं जाकीट वेगळं, त्यात विशेष तंतूंचे थर आणि कठीण पाट्या असतात. आपल्याकडे त्यासाठी 2018 पासून आयएस 17051 हे मानक आहे आणि ते काम घरच्या मशीनवर कुणी करू नये. आपली बंडी फक्त ओझं वाहते. पाणी, दोरी, विजेरी, प्रथमोपचार, दुर्बीण, वही या वस्तू अंगावर अशा बसवायच्या की हात मोकळे राहतील आणि हवी ती वस्तू न बघता हाताला लागेल. म्हणायला एवढंच, पण ओझं शरीरावर नेमकं कुठे बसवायचं या प्रश्नाने माणसाला फार जुन्या काळापासून छळलं आहे.

आपल्याकडची त्याची उत्तरं घराघरांत होती. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला निघालेल्या वारकऱ्याची पडशी घ्या. खांद्यावर टाकायची दुतोंडी पिशवी, एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. पुढचं वजन मागच्याला तोलतं, म्हणून माणूस वाकत नाही. पाठीवरच्या पिशवीला हे जमत नाही. चंची घ्या. पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू, प्रत्येकाला वेगळं घर, आणि सगळं मिळून एक गुंडाळी. रंगीत चिंध्यांतून ती शिवणाऱ्या आजीने कप्प्यांचा क्रम हाताच्या सवयीवर ठरवलेला असे, म्हणूनच अंधारातही आजोबांच्या बोटांना चुन्याची डबी सापडे. पैशांचा कसा कमरेला बांधत, कारण कंबर हे अंगावरचं सर्वांत स्थिर ठिकाण. आणि काडतुसांच्या पेटीला मराठी फौजेत ‘तोसदान’ म्हणत. मूळ फारसी ‘तोशा’ म्हणजे प्रवासाची शिदोरी. शिदोरीच्या पिशवीचं नाव दारूगोळ्याच्या पिशवीला लागलं, यात मला फार अर्थ दिसतो. सैनिकाच्या अंगावरचा प्रत्येक खिसा आधी वाटसरूचा होता.

पण हे सगळं स्वतःच का शिवायचं? याचं उत्तर मला ‘शिलेदार’ या शब्दात सापडलं. मराठी लष्करात बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार ते स्वतःचं घेऊन येई. हीच रीत पुढे इंग्रजी अमलातल्या हिंदी घोडदळात ‘सिल्लादार पद्धत’ म्हणून चालू राहिली आणि ती पहिल्या महायुद्धानंतरच मोडली. स्वाराने ठरावीक रक्कम भरायची आणि त्यातून घोडा, खोगीर, कपडे, पट्टे उभे करायचे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ होतं, तेही याच पद्धतीवर. 1857 च्या जूनमध्ये याच छावणीतल्या पहिल्या रिसाल्याने बंड केलं. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्यांच्या शिक्षेची जागा म्हणून शहर अजून दाखवतं. मी तिथून जातो तेव्हा त्या स्वारांच्या अंगावरचा साज डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करतो. पट्टा तुटला तर खर्च ज्याच्या खिशातून जातो, तो माणूस पट्ट्याचा टाका निरखून बघतो.

पुढची गोष्ट नवारीची. 1908 साली ब्रिटिश पायदळाने चामड्याचा साज बाजूला ठेवून जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा पूर्ण साज स्वीकारला. भिजून वाळलं की चामडं कडक होतं, चिरतं. सूत तसं करत नाही. शिवाय हा साज कोटासारखा एकदम चढवता-उतरवता येई. त्याची पुढची आवृत्ती 1937 ची. दुसऱ्या महायुद्धात आपले जवान उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात तीच घालून लढले आणि ती भारतातही मोठ्या प्रमाणावर बनत होती. पितळी बक्कल, सुती पट्टा, छातीच्या दोन बाजूंना दोन मोठे खिसे. खाटेची नवार ज्याने ओढून ताणून विणली आहे त्याला या साजात परकं काही वाटणार नाही. चीनने बनवलेला आणि व्हिएतनामच्या युद्धात दिसलेला छातीवरचा साज तर याहून साधा होता: किंतानाचे खिसे एका ओळीत, गळ्यात आणि पाठीवर पट्टे, झाकणाला घुंडी आणि फासा. घरी पहिल्यांदा शिवणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

अमेरिकी सैन्याने 1988 मध्ये खिसे कायमचे शिवलेली बंडी आणली. तिची अडचण सरळ होती. खिसा जिथे शिवला तिथेच राहणार, मग डावखुऱ्याने काय करायचं? 1997 च्या सुमारास आलेल्या नव्या रचनेत खिसे सुटे झाले आणि अंगावर राहिली फक्त पट्ट्यांची शिडी. या शिडीचं सगळं गणित तीन आकड्यांत आहे. पट्टी 1 इंच रुंद, दोन पट्ट्यांमधलं अंतर 1 इंच, आणि दर दीड इंचावर पट्टी पक्क्या टाक्याने कापडाला बांधलेली, म्हणजे दोन टाक्यांमध्ये एक घर. खिशाच्या पाठीवरही तशाच पट्ट्या. एक लांब पट्टी बंडीच्या घरातून, मग खिशाच्या घरातून, पुन्हा बंडीच्या घरातून ओवत न्यायची. मुळात हे विणकामच आहे, ताणा-बाण्याचं. ज्या शहराच्या एका अंगाला पैठणचे माग आहेत आणि पोटात हिमरूची परंपरा आहे तिथे ही कल्पना समजायला वेळ लागू नये.

सामान शहरातच मिळतं. सिटी चौक ते गुलमंडीच्या पट्ट्यात कापड आणि शिवणाचं साहित्य, आणि बॅगा व गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्यांकडे मॅटी, नवार, बक्कल, जाड दोरा. कापडाच्या जाडीचा आकडा डेनिअरमध्ये सांगतात: 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हौशी माणूस 1000 डेनिअरच्या मागे धावतो. घरच्या मशीनवर त्याच्या दुमडी शिवताना सुया मोडतात. 500 पुरे. सुई रोजची चौदा नंबरची नको, सोळा किंवा अठरा. सुती दोरा उन्हा-घामाने कुजतो, म्हणून नायलॉन किंवा पॉलिएस्टर. दोरा जाड झाला की टेन्शन नव्याने लावावं लागतं. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे. खाली फासे दिसले तर वरचं सैल आहे असं समजावं. नायलॉनची पट्टी कापली की टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करायचं, सुती नवारीचं टोक दुमडून शिवायचं. जाड शिवणीवर आधी लाकडी हातोडीने थापट्या मारल्या की ती दबते आणि पायाखाली सरकते. ही युक्ती मला एका सीट कव्हरवाल्या काकांनी दाखवली. तिच्यामुळे किती सुया वाचल्या याचा हिशोब नाही.

वेल्क्रोबद्दल मात्र माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस माणसाच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना 1941 मध्ये काटेरी फळं चिकटली, माळावर आपल्या धोतराला गोखरू चिकटावं तशी. त्यातून निघालेल्या कल्पनेचं पेटंट 1955 मध्ये झालं. वस्तू उत्तम आहे. पण जायकवाडीच्या काठावर, नाथसागराच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चरत असताना खिशाचं वेल्क्रो फाडून बघा. त्या एका आवाजाने सकाळची सगळी मेहनत उडून जाते. पक्षी बघणाऱ्याने घुंडी-फासाच लावावा.

बेतताना आधी वर्तमानपत्र, मग जुनी चादर, आणि सर्वांत शेवटी खरं कापड. चादरीची कच्ची बंडी अंगात घालून तिच्यात खरं वजन भरायचं. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, त्यामुळे बाटल्यांनी मोजणं सोपं जातं. मग वाकायचं, उकिडवं बसायचं, जिना चढायचा. छातीवर खिसे फार पुढे आले की स्वतःची पावलं दिसत नाहीत, आणि अंतूर किल्ल्याच्या वाटेवर पावलं न दिसणं परवडत नाही. जड वस्तू शरीराला चिकटून, बरगडीच्या खाली. हलक्या वर आणि बाहेर. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पाठीला जाळीचं कापड आणि खिशांच्या तळाला घाम-पाणी निघायला आयलेट. तयार बंडी विकत घेतली तर यातलं काहीच तुमच्या मापाचं नसतं. ती दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या हवेतल्या, दुसऱ्या धडावर बेतलेली असते.

आता टाका, म्हणजे माझी चूक. पहिली बंडी घालून मी सोयगाव तालुक्यातल्या वेताळवाडीच्या किल्ल्यावर गेलो. 4 लिटर पाणी आणि कॅमेरा. चढावर उजव्या खांद्याचा पट्टा सुटला आणि सगळं ओझं डाव्या अंगाला लोंबलं. पट्टा कमरेच्या दोरीने बांधून उतरलो. घरी येऊन बघितलं तर दोरा शाबूत होता. फाटलं होतं कापड, सुईच्या भोकांच्या रेषेवर, पोस्टाचं तिकीट फाटावं तसं. मजबुती यावी म्हणून मी टाके बारीक घातले होते, इंचाला चौदा, आणि त्या चौदा भोकांनी कापड आधीच कापून ठेवलं होतं. परकराची शिवण दोन कापडं जोडते. ओझ्याच्या शिवणीला ताण पसरवावा लागतो. त्यानंतर इंचाला सात-आठ टाके, पट्ट्याच्या टोकाला चौकोन आणि त्यात फुली, मागून हातभर नव्हे पण चार बोटांचं ठिगळ, म्हणजे खेच एका रेषेवर न येता कापडाच्या मोठ्या भागावर जाते. आईच्या मशीनला उलटी शिलाई नाही. सुई कापडात रोवायची, पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय टाकायचा. समोरचा एक पल्ला साडेसात इंच रुंद धरला आणि त्यावर शिडीच्या 6 ओळी घेतल्या, तर ओळीत 5 घरं आणि 6 पक्के टाके येतात. एका पल्ल्यावर 36, दोन्ही मिळून 72. प्रत्येक ठिकाणी मागे-पुढे तीन-चार वेळा. ओळ मधून सुरू करून कडांकडे न्यावी, नाहीतर पट्टी पुढे ढकलली जाते आणि शेवटचं घर वाकडं होतं. मला दोन्ही पल्ल्यांना तीन संध्याकाळ लागल्या. एकही घाईने घालवलेली नाही.

रंग निवडताना एक पथ्य पाळा. लष्करी नक्षीचं कापड वापरू नका. 2022 च्या सेनादिनी, 15 जानेवारीला, आपल्या लष्कराने नवा लढाऊ गणवेश दाखवला. त्याच्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत, ती बाजारात विकता येत नाही. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या 168 व्या कलमाखाली गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी ते घातलं नसतं. तो वेश कमवावा लागतो. सातमाळ्याच्या डोंगरात मातकट किंवा वाळल्या गवताचा रंग पुरेसा लपवतो.

सिल्लोड तालुक्यात आत्याकडे गेलो तेव्हा तिने माझी बंडी हातात घेऊन उलटीपालटी केली. कापसाची वेचणी चालू होती. बायका कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात आणि दिवसभर त्यात कापूस भरतात. कापूस हलका म्हणायचा, पण ओटी भरत आली की सगळा भार एका गाठीवर, पोटाच्या पुढे लोंबतो, आणि संध्याकाळी कंबर धरते. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करण्यावर बरंच काम झालं आहे. आत्याच्या शिवारात मात्र अजून फडकंच होतं.

“येवढे खिसे काय करायचे?” ती म्हणाली. “मला एकच दे. मोठा. अन् खालून उघडायला पाह्यजे, वाकून झटकायचं काम नको.”

मी जुन्या धोतराचं एकच पोट शिवलं, दोन्ही खांद्यांवरून नवारीचे पट्टे, पाठीवर फुली, कमरेला बंद. तळाला पाच घुंड्या. त्या सोडल्या की कापूस थेट गंजीवर पडतो. पट्ट्यांच्या टोकांना वेताळवाडीने शिकवलेला चौकोन आणि फुली. दोन दिवस तिने ती घालून वेचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी घडी करून माझ्यापुढे ठेवली. कंबर बरी आहे म्हणाली, पण फुली मानेला घासते.

“चार बोटं खाली घे. अन् डाव्या अंगाला इळ्यापुरतं एक घर दे.”

मी फुली उसवायला घेतली.