स्टार, हॅश आणि आपला मजकूर : मार्कडाउनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

धडगावातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप गटात ग्रामसभेची सूचना आली की तारीख ठळक अक्षरांत असते. शब्दाच्या अलीकडे एक स्टार, पलीकडे एक स्टार, झालं काम. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१६ पासून आहे आणि ती शिकायला कुणी क्लास लावलेला नाही. तरीही 'मार्कडाउन' असं नाव घेतलं की तीच सूचना टाकणारा माणूस म्हणतो, "ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपलं नाही."

खरं तर ते आपलंच काम आहे. धडगावच्या अक्राणी तालुक्यात लिहून ठेवण्यासारखं भरपूर आहे. आमचूर कशी करतात, कुठल्या पाड्याला कुठली वाट जाते, भोंगऱ्या बाजार आणि होळीची गाणी, वनहक्काच्या दाव्याला लागणारे कागद. हे जाणणाऱ्यांच्या हातात फोन आहे. अडतं ते नीट मांडण्यापाशी, आणि त्याला कारण आहेत पुढचे काही गैरसमज.

गैरसमज १ : मार्कडाउन म्हणजे प्रोग्रॅमिंग.

वस्तुस्थिती : मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात घालायच्या मोजक्या खुणा. त्यात आकडेमोड नाही आणि संगणकाला द्यायचे हुकूमही नाहीत. 'हा मथळा', 'हा शब्द ठळक', 'ही यादी' एवढंच त्या खुणा सांगतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन तयार केलं, ॲरन स्वार्ट्झ यांनी त्यात मदत केली. लोक ईमेलमध्ये आपणहून ज्या खुणा करत होते, म्हणजे जोर द्यायला शब्दाभोवती स्टार किंवा यादीला डॅश, त्यांनाच या दोघांनी नियमात बसवलं. खुणांचं रूपांतर झालं नाही तरी मजकूर वाचता यावा, हा त्यामागचा मूळ हेतू होता.

एक छोटं टिपण पाहा :

# आमचूर वाळवताना

**फोडी पसरल्यावर पाऊस लागू देऊ नका.**

- कैऱ्यांची साल काढा
- फोडी करा
- कडक उन्हात वाळवा

कुठलंही ॲप नसताना, नुसत्या नोंदवहीसारख्या फाइलमध्येही हे वाचता येतं. मार्कडाउन समजणाऱ्या ॲपमध्ये उघडलं की पहिली ओळ मोठा मथळा होते, मधलं वाक्य ठळक होतं आणि खालच्या तीन ओळींपुढे ठिपके येतात. रोजच्या लेखनाचं बहुतेक काम एवढ्यावर भागतं. यात दोन गोष्टींची भर घाला. दुसऱ्याचं म्हणणं उद्धृत करायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला > ही खूण. दुवा द्यायचा असेल तर चौकोनी कंसात शब्द आणि त्याला लागून साध्या कंसात पत्ता.

गैरसमज २ : खुणा सगळीकडे सारख्याच.

वस्तुस्थिती : इथेच नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. व्हॉट्सॲपवर एका स्टारने शब्द ठळक होतो. मार्कडाउनमध्ये एका स्टारने तो तिरका होतो आणि ठळक करायला दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार लागतात. विकिपीडियावर तिसरीच रीत आहे. तिथे ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं, मथळ्याला दोन्हीकडे == आणि दुव्याला दुहेरी चौकोनी कंस. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, म्हणजे मार्कडाउनच्याही आधी. तेव्हापासून मराठी माणसं अशा खुणा घालून लेख लिहीत आली आहेत.

चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून लिहून घेतलेला अर्ज व्हॉट्सॲपवर चिकटवला की मध्ये मध्ये जास्तीचे स्टार आणि हॅश दिसतात, त्याचंही कारण हेच. ती साधनं उत्तर मार्कडाउनमध्ये लिहितात आणि व्हॉट्सॲपची रीत वेगळी आहे. व्हॉट्सॲपने २०२४ साली याद्या आणि अवतरणाची सोय दिली, पण मथळ्याची खूण तिथे चालत नाही. तो अर्ज बिघडलेला नसतो. पाठवण्याआधी खुणा बदलल्या की झालं.

मार्कडाउनच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांच्यातले फरक मिटवण्यासाठी २०१४ साली 'कॉमनमार्क' नावाचे काटेकोर नियम लिहायला सुरुवात झाली. आज बरीच ॲप ते पाळतात. पुढचे बारकावे त्याच नियमांतले आहेत.

गैरसमज ३ : हे इंग्रजीसाठी आहे, मराठीत चालत नाही.

वस्तुस्थिती : स्टार आणि हॅश कुठल्याच भाषेचे नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये असला की देवनागरीत सगळं चालतं, आणि फोनवरचा कुठलाही मराठी कळफलक युनिकोडच लिहितो. अडचण येते ती डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराची. तिथे पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अशा मजकुरात खूण कुठली आणि अक्षराचा तुकडा कुठला, हे यंत्राला ओळखता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

मराठीत लिहिताना मात्र तीन जागी जपावं लागतं. इंग्रजी मार्गदर्शिका त्या सहसा सांगत नाहीत.

पहिली जागा क्रमांकाच्या यादीची. कॉमनमार्कच्या नियमांत यादीसाठी फक्त 1, 2, 3 हे अंक धरले जातात. ओळीच्या सुरुवातीला '1.' लिहिलं तर यादी होते, '१.' लिहिलं तर होत नाही. मग वनहक्काच्या दाव्याला लागणारे सगळे कागद एकापुढे एक चिकटून एकच परिच्छेद दिसतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. अशा वेळी यादीपुरते ते अंक वापरा किंवा सरळ डॅश द्या.

दुसरी जागा विभक्ती प्रत्ययाची. इंग्रजीत शब्द सुटा असतो, आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो. `**धडगाव**ला` असं लिहिलं तर 'धडगाव' ठळक होतं. पण स्टारऐवजी अंडरस्कोर वापरून `__धडगाव__ला` लिहिलं तर ते जसंच्या तसं दिसतं, कारण शब्दाच्या पोटात आलेला अंडरस्कोर नियमांना मान्य नाही. `**'धडगाव'**ला` हेही फसतं, कारण इथे मिटणाऱ्या स्टारच्या अलीकडे विरामचिन्ह आहे आणि पलीकडे लगेच अक्षर. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्ययासकट सगळा शब्द खुणांच्या आत घेणे : `**धडगावला**`. ही सवय लागली की मराठीतला निम्मा त्रास संपतो.

तिसरी जागा तिरक्या अक्षरांची. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये तिरक्या वळणाची वेगळी अक्षरं नसतात. ॲप सरळ अक्षरच कलतं करून दाखवतं आणि ते छोट्या पडद्यावर वाचायला जड जातं. मराठीत जोर द्यायचा तर ठळकच बरं.

गैरसमज ४ : खुणा म्हणजे निव्वळ सजावट.

वस्तुस्थिती : मथळ्याची ओळ नुसती ठळक केली तर डोळ्यांना ती मथळा वाटते, यंत्राला वाटत नाही. हॅश देऊन लिहिली तर ॲपला तो मथळा म्हणून कळतो आणि वेबपानावरही तो मथळाच राहतो. त्यातून अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते. आणखी एक मोठा फायदा आहे. दृष्टिहीन वाचक फोनवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीए या मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांनी पान ऐकतात तेव्हा ते एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारू शकतात. खरा मथळाच नसेल तर हवी ती माहिती सापडेपर्यंत त्यांना सगळं पान ऐकत बसावं लागतं. योजनेची माहिती लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढ्या एका कारणासाठी तरी हॅश शिकावा.

हॅशनंतर एक जागा सोडायची, हे पक्कं लक्षात ठेवा. '# सूचना' हा मथळा होतो, '#सूचना' होत नाही.

गैरसमज ५ : एंटर दाबला की नवी ओळ आलीच.

वस्तुस्थिती : मार्कडाउनमध्ये एकदा एंटर दाबल्याने परिच्छेद बदलत नाही, मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी लागते. पुष्कळ ॲप एका एंटरवर पुढची ओळ मागच्या ओळीला जोडून टाकतात. बातमी लिहिताना याने बिघडत नाही, गाणं लिहिताना सगळं बिघडतं. आजीकडून ऐकलेलं पावरी बोलीतलं गाणं एखाद्या मुलीने ओळीखाली ओळ उतरवून घेतलं, तर पडद्यावर ते सलग गद्य होऊन बसतं. गाण्याची प्रत्येक ओळ तिच्या जागी राहायला हवी असेल तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्यात किंवा \ ही उलटी तिरपी रेघ द्यावी. कडवं संपल्यावर रिकामी ओळ.

गैरसमज ६ : त्यासाठी लॅपटॉप आणि चांगलं नेट हवं.

वस्तुस्थिती : मार्कडाउनची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. ती फोनवर, विमान मोडमध्येही लिहिता येते. युनिकोड साठवण्याच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, म्हणजे अक्षराला तशीच काना-मात्रेलाही, तीन बाइट लागतात. तरी हजार शब्दांचा मराठी मजकूर साधारण वीस केबीत मावतो. तोच मजकूर वहीत लिहून फोटो काढला तर फाइल बहुधा काही एमबीची होते, म्हणजे शंभरपट किंवा त्याहूनही मोठी. सातपुड्यात जिथे टेकडी चढल्यावर नेटवर्क मिळतं, तिथे हा फरक फार मोठा आहे. मजकूर शोधता येतो, दुरुस्त करता येतो, कॉपी करता येतो. फोटोत सहसा नुसतं बघणं होतं.

गैरसमज ७ : पक्कं काम वर्ड किंवा पीडीएफमध्येच होतं.

वस्तुस्थिती : काही कामं खरोखर तिथेच करावीत. सरकारी नमुन्यातला अर्ज, गुंतागुंतीचे तक्ते, छापायची पत्रिका यांना मार्कडाउन पुरत नाही. पण लिहिणं आणि छपाईची मांडणी ही दोन वेगळी कामं आहेत. मूळ मजकूर मार्कडाउनमध्ये ठेवला तर 'पॅनडॉक' या मोफत साधनाने त्यातून वर्डची फाइल, वेबपान किंवा पुस्तकासाठी ईपब काढता येतं. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली ते लोकांसमोर आणलं. उलट दिशेने पीडीएफमधून मराठी मजकूर काढायला गेलं की जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात, हे ज्याने करून पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे.

गैरसमज ८ : आमच्या बोलीसाठी आधी कुणीतरी ॲप काढायला हवं.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. फोनच्या भाषांच्या यादीत पावरी सापडत नाही आणि शब्द सुचवणारा कळफलक भिलोरीला चूक ठरवतो, तेव्हा आपली बोली फोनवर लिहायची नसतेच असं मुलांना वाटू लागतं. मार्कडाउनला मात्र भाषा कळण्याची गरजच नाही. हॅशपुढे आलेली ओळ मराठी आहे, पावरी आहे की इंग्रजी, हे ते विचारत नाही. देवनागरीत लिहिलेल्या पावरी ओळीला ते तोच मान देतं जो इंग्रजी ओळीला देतं.

म्हणून सुरुवात आजच करा. फोनमध्ये एक नवी टीप उघडा. वर हॅश आणि पाड्याचं नाव लिहा, एक ओळ सोडा, आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारून एक माहिती त्यांच्याच बोलीत उतरवा. यादी असेल तर डॅश द्या, जपायची गोष्ट असेल तर दोन स्टार. उद्या फोन बदलेल, ॲप बंद पडेल, तरी ही फाइल कुठल्याही यंत्रावर उघडेल आणि ज्याला देवनागरी वाचता येते त्याला वाचता येईल. आपल्या भाषेतलं ज्ञान लिहायला कुठल्याही कंपनीच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.