दार आपोआप लागलें तर

मनुष्य घरास कुलूप लावतो तें चोरास अडविण्याकरितां. परंतु चोर कोण व धनी कोण, हें कुलपास कळत नाहीं. तें केवळ किल्ली ओळखतें. म्हणून किल्ली आंत राहून दार लागलें, म्हणजे घरधनीही परक्याप्रमाणें उंबऱ्याबाहेर उभा राहतो. असा प्रसंग कां येतो व आल्यास काय करावें, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

आमच्या कोल्हापुरांतील जुन्या वाड्यांच्या दारांस आंतून अडसर व बाहेरून कडी-कोयंडा असे. आंत कोणी असल्यावांचून अडसर पडत नसे, आणि कोणी हातानें लावल्यावांचून बाहेरचें कुलूप लागत नसे. सारांश, दार बंद करण्यास माणूस लागे. हल्लींच्या सदनिकांच्या दारांस बहुधा लॅच असतें. तें दार ओढतांच आपोआप लागतें. आषाढांतील वाऱ्याचा एक झोतही तेवढ्यास पुरतो.

लॅचच्या जिभेस एका बाजूनें उतार असतो व तिच्यामागें स्प्रिंग असते. दार लागतांना चौकटीचा कांठ त्या उतारावर घासून जीभ आंत ढकलतो. दार पुरतें मिटलें कीं, स्प्रिंग तिला पुन्हां बाहेर लोटते. बाहेरून ती मागें घेण्यास किल्लीच हवी. पुष्कळ कुलपांत लहान लहान खिळ्या असतात. किल्लीचे दांते त्या नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हांच आंतला भाग फिरतो. प्राचीन मिसर देशांत याच तत्त्वावर लांकडी कुलपें होत असत. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत लायनस येल यांनीं त्यास आजचें आटोपशीर रूप दिलें. आपल्याकडे अर्देशर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईस कुलपांचा व्यवसाय आरंभिला.

आतां उपाय. प्रथम एकच प्रश्न स्वतःस विचारावा : आंत कोणाच्या जिवास धोका आहे काय? चुलीवर कांहीं ठेविलें असेल, लहान मूल एकटें आंत असेल, किंवा कोणी आजारी असेल, तर क्षणाचाही विलंब न लावतां ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक फिरवावा व शेजाऱ्यांस हांक मारावी. मुलाशीं दाराबाहेरून शांतपणें बोलत राहावें. अशा वेळीं दार फोडावें लागलें तरी हळहळूं नये. दार पुन्हां बसवितां येतें.

धोका नसेल तर घाई कशाची? मागील दार पाहावें, घरच्या दुसऱ्या माणसाकडील किल्ली मागवावी. दार आंत उघडणारें असल्यास जिभेचा उतार बाहेरच्या अंगास असतो. फटींतून पातळ, लवचीक पट्टी सरकवून ती कधीं कधीं मागें सारतां येते. मात्र चौकटीस खांच असल्यास पट्टी पोहोंचत नाहीं, व किल्लीनें दुहेरी लावलेलें कुलूप अशानें उघडत नाहीं. मग किल्ल्या करणाऱ्या कारागिरास बोलवावें. मजुरी आधींच ठरवावी. आणि हें घर तुमचेंच कशावरून, असें त्यानें विचारिलें तर रागावूं नये. तो विचारतो, यांतच आपली सुरक्षितता आहे.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. पाण्याच्या नळास धरून किंवा सज्जावरून वरच्या मजल्यावर चढूं नये. तान्ह्या बाळासाठीं रात्रीं रायगडचा कडा उतरलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकिली आहे. गडाचे दरवाजे मिटले होते व तिला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून तिचें तें साहस धन्य होय. आपणांस दुसरे मार्ग असतांना केवळ तासाभराची खोळंबी टाळण्यासाठीं प्राण पणास लावणें हें साहस नव्हे, अविचार होय.

याहून उत्तम म्हणजे पूर्वतयारी. उंबरा ओलांडण्यापूर्वीं किल्ली हातांत आहे हें पाहावें. कचरा टाकण्यास किंवा दूध घेण्यास बाहेर पडतांना दारास अडणी लावावी. जादा किल्ली पायपुसण्याखालीं वा कुंडींत ठेवूं नये, कारण चोर प्रथम तेथेंच पाहतो. ती विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. ज्यास शेजाऱ्याच्या हातीं आपली किल्ली निःशंक देतां येते, त्यास दाराबाहेर फार वेळ उभें राहावें लागत नाहीं. असा शेजार मिळविणें, व आपणही दुसऱ्यास तसा शेजारी होणें, हें कोणत्याही कुलपाहून मोलाचें आहे.