ध्येयाची चढण

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवा संकल्प सोडावा आणि महिन्याभरांत तो विसरून जावा, हा अनुभव बहुतेक घरांत परिचयाचा आहे. त्याचा दोष सामान्यतः मनाच्या दुबळेपणाला दिला जातो. वास्तविक पुष्कळदां दोष संकल्पाच्या मांडणींत असतो. ‘प्रकृति सुधारावी’, ‘चार पैसे शिल्लक टाकावे’ या नुसत्या इच्छा होत. मोजमापावांचून त्यांचें ध्येय बनत नाहीं. हें मोजमाप कसें करावें, याचा धडा मावळच्या वेशीवर, खंडाळ्याच्या तोंडाशीं, बोरघाटांतील लोहमार्गानें घालून दिला आहे.

मुंबईची आगगाडी पुण्यास न्यावयाची, ही इच्छा. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचें, हें ध्येय. इंजिनाला झेपेल असा चढ कोणता, याचा हिशेब करूनच मार्ग आंखण्यांत आला. दर ३७ फुटांस १ फूट, याहून खडी चढण ठेवली नाहीं. डोंगर आडवा आला तेथें बोगदे खोदले. त्यांची संख्या २५ झाली. दरी आली तेथें पूल बांधले. ते ८ झाले. एके जागीं वळणास वाव नव्हता. तेथें गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेनें वर नेण्याची योजना झाली. थांबून दिशा बदलणें म्हणजे ध्येय सोडणें नव्हे.

काम १८५६ सालीं सुरू झालें. पावसाळ्यांत उघड्यावरील काम थांबे, म्हणून वर्ष बारा महिन्यांचें न धरतां आठच महिन्यांचें धरावें लागे. खंडाळा ते पुणें गाडी मात्र १८५८ सालींच धावूं लागली. पहिल्या मक्तेदारानें १८५९ सालीं काम सोडलें. दुसरा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारला. तरी त्याची पत्नी ॲलिस हिनें जाणत्या व्यवस्थापकांकरवीं काम चालू ठेविलें आणि १८६३ सालीं घाट खुला झाला.

परंतु या यशाची दुसरी बाजूहि आहे. ऐन भरांत ४० हजारांहून अधिक मजूर घाटांत राबत होते. त्यांतील कित्येक पटकीनें, तापानें व अपघातांनीं दगावले. पुढें १८६७ सालीं घाटांतील एक मोठा पूल कोसळला आणि दगडी बांधकामांतील कच्चेपणा उघड झाला. ध्येय मांडतांना केवळ तारीख व आंकडा पाहिला, तर जें मोजलें नाहीं त्याचीच हानि होते.

आखाड्यांतहि हाच नियम आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें सहावे आले. मातीवर वाढलेल्या मल्लास गादीवरील कुस्ती नवी होती. काय कमी पडतें, तें त्या सहाव्या क्रमांकानें दाखविलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. पदक मल्लाच्या स्वाधीन नसतें. रोजचा सराव असतो. म्हणून ध्येय दूरचें असलें, तरी आजचें पाऊल आपल्या आवांक्यांतील हवें.

घरखर्चाचें गणित याहून वेगळें नाहीं. मुलीच्या शिक्षणास पांच वर्षांनीं ३,६०,००० रुपये लागणार असतील, तर व्याज बाजूस ठेवून दरमहा ६,००० रुपये हा चढ झाला. प्राप्तीला तो झेपत नसेल तर मुदत सहा वर्षांची करावी, म्हणजे ५,००० पुरतात. आजारपणाचा पावसाळा येणारच, हें धरून थोडी गंगाजळी निराळी ठेवावी. दर सहा महिन्यांनीं वही उघडून दिशा तपासावी. मात्र मुलांच्या दुधांत किंवा वडिलांच्या औषधांत काटछाट करून आंकडा गांठूं नये. तसा पूल बाहेरून भक्कम दिसला तरी आंतून कच्चाच राहतो.